आब्रे की आंब्रे

मार्कानोबाईंचं डोकं फिरलंय, असं सध्या गावात जो तो म्हणतोय. म्हणू देत. अख्खा वर्ग उचलून शाळेच्या गेटपाशी नेऊन बसवणारी मास्तरीण लोकांना वेडीच वाटणार. पण बाईंचा राग एका सोमवारचा नाही. तो एका शब्दापासून सुरू झाला, आणि तेव्हा बाई स्वतःच बारा वर्षांच्या होत्या.

क्लेमेन्सिया मार्कानो त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगरात, कोकोच्या मळ्यात वाढली. तिचे आजोबा, म्हणजे तिचे पापीतो, दिवसभर कोकोची फळं फोडायचे आणि नाताळ जवळ आला की चार तारांचं क्वात्रो गळ्यात अडकवून परांग गात घरोघरी फिरायचे. परांगची रीत ठरलेली आहे. गाणारी मंडळी आधी बंद दारासमोर उभी राहतात आणि 'दार उघडा' असं गातात. घरात भांडण असो, गाणाऱ्यांशी वर्षभराचा अबोला असो, दार उघडावंच लागतं. जो उघडत नाही त्याची पुढच्या नाताळापर्यंत गावात शोभा होते.

गाणी सगळी स्पॅनिश. खापरपणजोबा व्हेनेझुएलाहून होडीत बसून इथे कोकोच्या कामाला आले, तेव्हा ही भाषा त्यांच्या तोंडी होती. पुढे घरातलं बोलणं बदललं, भाषा तेवढी गाण्यात राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या गाऊन गाऊन शब्दही झिजले.

माध्यमिक शाळेत गेल्यावर क्लेमेन्सियाला स्पॅनिश विषय लागला. वेळापत्रकात त्याचं नाव होतं 'परकी भाषा'. आजोबांची भाषा परकी कशी, हे तिला कळलं नाही, पण पोरगी खुशीत होती. प्लिमर मास्तरांनी पहिल्याच तासाला विचारलं, "स्पॅनिश कुणाला येतं का थोडंफार?" ही टुणकन उभी राहिली आणि खड्या आवाजात गायली, "आंब्रे ला पुएर्ता..."

मास्तर पोट धरून हसले.

"अगं, आब्रे! आब्रे म्हणजे उघड. आंब्रे म्हणजे भूक! दाराला भूक लागलीय का तुमच्याकडे? हे स्पॅनिश नव्हे, हे रानातलं काहीतरी आहे. घरी ठेवून येत जा."

वर्ग खिदळला. सगळ्यात मोठ्याने हसला तो पहिल्या बाकावरचा ऑस्बर्ट हॉस्पेडालेस. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत तो तिला एकाच नावाने हाक मारायचा. "ए भुके, दार लाव गं!"

ती रडत घरी गेली आणि आजोबांवरच उखडली. "पापीतो, तुम्ही सगळे चुकीचं गाता!"

म्हाताऱ्याने क्वात्रोची खुंटी पिळता पिळता विचारलं, "इतकी वर्षं दारं उघडली का नाही?"

"उघडली."

"मग चुकलं कुठं?"

पण ती जिद्दीला पेटली. असं स्पॅनिश शिकेन की प्लिमरसुद्धा तोंडात बोट घालेल, असं म्हणाली आणि शिकली. त्याच शाळेत स्पॅनिशची शिक्षिका झाली. पोरांना कडक शिस्तीत 'आब्रे' शिकवत केस पिकले. आणि मुख्याध्यापक म्हणून त्याच शाळेत कोण येऊन बसावं? ऑस्बर्ट हॉस्पेडालेस! या आडनावाचं मूळ ज्या स्पॅनिश शब्दात आहे, त्याचा अर्थ घरात आसरा देणं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आता आसऱ्याची गोष्ट निघालीच आहे. अलीकडे व्हेनेझुएलाहून पुन्हा होड्या येऊ लागल्यात. खापरपणजोबा आले तोच समुद्र, तीच भाषा, तीच पोटाची आग. पण तेव्हाच्यांची खापरपणतवंडं आज खुर्चीत बसून विचारतात, हे कोण आले बाहेरचे?

त्यातलीच एक नोएमी. शाळेच्या गेटासमोर गाडी लावून ती मक्याच्या पिठाच्या खारट करंज्या तळते. हॉस्पेडालेस सर रोज सकाळी दोन घेतात. "पीठ कसं हलकं असतं हिचं," असं चारचौघांत कौतुकही करतात. नोएमीची मुलगी युलेइसी, पंधरा वर्षांची, आईला मदत करता करता गेटाच्या गजांतून आत पाहत असायची. मधल्या सुट्टीत चौथ्या फॉर्मची, म्हणजे तिच्याच वयाच्या वर्गातली पोरं स्पॅनिशचा गृहपाठ घेऊन तिच्याकडे पळायची आणि ती गजांतून हात घालून चुका दाखवायची. मार्कानोबाईंनी हे पाहिलं आणि तडक सरांची खोली गाठली.

"ऑस्बर्ट, त्या पोरीला चौथ्या फॉर्ममध्ये घे."

"मिस मार्कानो, वरून तसा आदेश नाही."

"वरून म्हणजे कुठून? स्वर्गातून?"

"कागद नाहीत तिच्याकडे. उगाच माझ्या गळ्यात घोंगडं नको." मग ते जरा विचारात पडले. "पण हे बघ, तोंडी परीक्षा जवळ आलीय. हवं तर पोरांचा बोलण्याचा सराव तिच्याकडून करून घे. गेटपाशीच हं. आत नाही."

माणसाला लाज म्हणून काही असते की नाही? भाषा हवी, आणि ती बोलणारी पोर नको! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी ते कबूल केलं, कारण निदान गेटापर्यंत तरी पोरगी शाळेच्या जवळ येत होती. त्या वर्षी तोंडी परीक्षेत शाळेची पोरं अशी फाडफाड बोलली की सरांनी मोठं भाषण ठोकलं. भाषणात स्वतःच्या दूरदृष्टीचा उल्लेख होता, युलेइसीचा नव्हता.

मग आला नाताळचा कार्यक्रम. वरच्या कार्यालयातले साहेब येणार म्हणून सरांची धांदल उडालेली. पोरं गेटाशी परांगचा सराव करू लागली, आणि बाईंनी इतकी वर्षं घोकून घेतलं तरी जोशात आल्यावर घरचंच गाऊन गेली, "आंब्रे ला पुएर्ता!"

युलेइसी हसून हसून खालीच बसली. बाईंचा चेहरा पडला. पुन्हा तेच हसू! पण पोरगी डोळे पुसत म्हणाली, "मिस, हे गाणं आईच्या गाडीवर लावू या का? भूक लागली? दार इकडे आहे!"

या शब्दावर आयुष्यात पहिल्यांदा बाई स्वतः हसल्या.

"माझे पापीतो असंच गायचे," त्या म्हणाल्या.

"मग मीही असंच गाणार," युलेइसी म्हणाली. "छान आहे. आमच्यासारख्यांचं आहे."

कार्यक्रमाला तिला एका संध्याकाळपुरती आत येऊ दिलं, कारण तिच्यासारखा आवाज शाळेत दुसरा नव्हता. रीतीप्रमाणे मंडळी सभागृहाच्या बंद दाराबाहेर उभी राहिली. तिने पहिली ओळ उचलली तशी आतल्या म्हाताऱ्या बायका आपसूक उठल्या आणि त्यांनीच दार उघडलं. साहेब तर भारावून गेले.

"काय गोड उच्चार! कुठल्या वर्गात आहे ही?"

हॉस्पेडालेस सरांनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, "चौथ्या फॉर्मला. आमचीच विद्यार्थिनी."

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऐकलं हं मी, सर."

युलेइसीकडून ते ऐकून नोएमीने रविवारी शेजारणीकडून जुना गणवेश मागून आणला आणि बसून तिच्या मापाचा केला. सोमवारी सकाळी युलेइसी पांढरा सदरा, निळा स्कर्ट, घट्ट वेणी अशी गेटाशी आली, आणि पहारेकऱ्याने मान खाली घालून तिला अडवलं. सरांचा हुकूम होता.

बाई खोलीत घुसल्या तेव्हा सर करंजी खात होते. नोएमीचीच.

"तिला का अडवलं?"

"अगं, पाहुण्यांसमोर माणूस बोलतो काहीतरी. ते कार्यक्रमापुरतं होतं."

"गरज सरो आणि वैद्य मरो! तिच्या आईच्या हातचं खाताना कागद विचारलेस का रे कधी? तिचं पीठ आत चालतं, गाणं आत चालतं, उच्चार आत चालतात, फक्त तीच चालत नाही? तुझा खापरपणजा कुठले कागद घेऊन उतरला होता होडीतून?"

"मिस मार्कानो, आवाज खाली."

"आवाज काय खाली? लहानपणी दार लाव म्हणून चिडवायचास मला. आता खरंच लावून बसलास!"

सरांनी कागदाला तेलकट बोटं पुसली.

बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "उठा. पुस्तकं घ्या." चौथा फॉर्म त्यांच्यामागून मैदान ओलांडून गेटपाशी गेला आणि गवतात बसला. गजांच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, गणवेश चुरगळू नये म्हणून युलेइसी उभीच होती. बाईंनी हजेरी घेतली. एकेक नाव झालं, आणि शेवटी त्यांनी खणखणीत हाक दिली, "युलेइसी!"

"प्रेसेन्ते," बाहेरून उत्तर आलं.

मग पोरांपैकीच कुणीतरी सूर धरला आणि सगळे गाऊ लागले, "आंब्रे ला पुएर्ता!" रीत उलटीच झाली. आतले गात होते आणि दार बाहेरच्यासाठी उघडायचं होतं. रस्त्यावरची माणसं थांबली. नोएमीची कढई तशीच जळत राहिली. पहारेकऱ्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथेच अडकला, कारण हॉस्पेडालेस सर मैदानातून धावत येत होते.

"बंद करा हा तमाशा! मिस मार्कानो, तुमची नोकरी जाईल, कळतंय का?"

गाणं थांबलं नाही. सरांना धाप लागली होती. त्यांच्या तोंडून पहिल्या बाकावरचा तो जुना ऑस्बर्टच बाहेर पडला.

"आणि निदान नीट तरी गा! आब्रे आहे ते, आब्रे! आंब्रे चूक आहे!"

मार्कानोबाईंनी गजांपलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाही, ऑस्बर्ट. दार उघडत नाही तोवर आंब्रेच बरोबर."

आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हं, पुन्हा. पहिल्या ओळीपासून."