किडीचं गाऱ्हाणं

काशिनाथ वालावलकर कीटकशास्त्राचा डॉक्टर होऊन मालवणात परतला, तेव्हा त्याच्या दारात पहिला माणूस आला तो ढेकणांनी भरलेली खाट घेऊन. आपण औषध देणारे डॉक्टर नव्हे आणि ढेकूण मारणारेही नव्हे, हे काशिनाथने त्याला परोपरीने समजावलं. मग करतोस तरी काय, याला मात्र मालवणात पटेल असं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. पुढे देवगडच्या एका बागायतदाराने मोहोरावरच्या तुडतुड्यांवर जालीम उपाय विचारला. हा म्हणाला, माझा विषय रानातल्या मेलेल्या लाकडातले भुंगेरे. बागायतदाराने आणलेली आंब्याची पेटी गाडीतून उतरवलीच नाही. 'शिकला तेवढा हुकला' हे काशिनाथच्या बायकोच्या, विमलाच्या, माहेरी ठरूनच गेलं.

जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, एक्याऐंशीत, एका संशोधन केंद्राने त्याला धामणखोलच्या देवराईवर नेमलं. राईत कोयता न्यायचा नाही, पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, हा तिथल्या देवाचा दंडक. झाड पडलं की पडल्या जागी कुजायचं. त्या पावसात एक अजस्र बेहडा आडवा झाला. गाव हळहळला, काशिनाथला पेढे वाटावेसे वाटले.

साल सुटताना येणारे भुंगेरे वेगळे, गाभा भुसभुशीत झाल्यावर येणारे वेगळे. कोण कोणाच्या मागून येतं, कोण कोणाला खातं, हे पाहत तो वर्षानुवर्षं त्या ओंडक्यापाशी उकिडवा बसला. विमला म्हणायची, एवढा वेळ माझ्या बापाच्या उशाशी बसला असता तर पुण्य तरी लागलं असतं. तिचंही खोटं नव्हतं. पण साल उचलून आत डोकावताना त्याला जो आनंद व्हायचा तो स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि बिचाऱ्याला हे लपवताही येत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात केंद्राला जाग आली. इतकी वर्षं ओंडका पाहून देशाचा काय फायदा झाला, हे पाहायला पुण्याहून समिती निघाली. समितीला पटलं तर ओंडक्याची माती होईपर्यंत काम चालणार, नाहीतर बंद. काशिनाथचं अन्न तुटलं. राईच्या देवाचा गुरव लवू, त्याचा काशिनाथवर जीव. तोंड का उतरलं, असं त्याने विचारल्यावर काशिनाथ हताशपणे म्हणाला, "माझां सगळां त्या किडींर येवन अडाकलां हा, लवू."

लवूने मान डोलावली. शेतकरी माणूस, किडीवर अडकणं म्हणजे काय, हे त्याला सांगायला नको होतं. देवाला गाऱ्हाणं घालूया, म्हणाला. काशिनाथने थोडे आढेवेढे घेतले, पण समितीपुढे विज्ञानाचा तरी काय पाड! सोमवारी गाव देवळात जमला. लवूने हात जोडून सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्यां जां काय तुझां लेकरू तुझ्या राईत येवन कष्ट करता हा, तेच्या कामाक जी काय कीड लागली आसात, ती मुळासकट दूर कर, आणि तेका यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव एका आवाजात म्हणाला. गाऱ्हाण्याला होय म्हणायची काशिनाथला लहानपणापासूनची सवय, त्यातून डोक्यात समितीची जीप आणि जेवणावळ. त्याचाही होय त्यात मिसळला.

मग तो समितीला आणायला गेला. इकडे गावाने विचार केला, सगळं देवावरच टाकून कसं भागेल? राईत हत्यार नेऊ का, म्हणून देवाला फुलं चिकटवून कौल लावला. उजवीकडचं फूल पडलं. प्रत्यक्ष देवच हो म्हणाल्यावर कोण थांबतो? घरटी माणूस निघाला.

जीप राईपाशी थांबली तेव्हा काशिनाथला वाटलं, आपण वाट चुकून दुसऱ्याच गावात आलो. पाचोळ्याचं पान दिसेना. झाडांना कमरेपर्यंत चुना, त्यावर गेरूचा पट्टा. बेहड्याच्या जागी राखेचा लांबट ढीग, अजून धुमसणारा. घरातलं माणूस गेल्यासारखा काशिनाथ राखेकडे बघत उभा राहिला.

समिती मात्र हरखली. प्रमुख साहेब अर्ध्या बाह्यांच्या शर्टात राईभर हिंडले आणि त्यांना एक मुंगीही चावली नाही. असा लोकसहभाग आणि असं कीडनियंत्रण उभ्या महाराष्ट्रात पाहिलं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. माझं काम ते नव्हे, असं काशिनाथ सांगू लागला, तर साहेबांनी तो विनय समजून त्याची पाठ थोपटली. ओंडकाच उरला नसल्याने ते काम संपलं. आता पुण्याला येऊन कीड निर्मूलन विभाग सांभाळा, म्हणाले.

जीप सुटायच्या आधी लवू पुढे आला. तळहातांवर कुऱ्हाडीचे फोड, भुवया राखेने पांढऱ्या. ज्या राईतली काटकी त्याच्या बापजाद्यांनी उचलली नव्हती, तिच्यात तो याच्यासाठी कुऱ्हाड घेऊन शिरला होता. काशिनाथला ओरडावंसं वाटत होतं. त्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते गिळलं.

"गेले मां सगळे किडे, साहेबानू?"

"गेले रे. एकय रवाक नाय."

लवूने देवळाकडे वळून हात जोडले. "मगे? ह्या देवाक गाऱ्हाणां घालून अजून कोण रिकाम्या हातान परत जावक नाय."