मागता न येणारी गाडी

माझी पहिली मोटारसायकल माझ्या नावावर होती, एवढं आरटीओचं पुस्तक सांगत होतं. वरवंडात मात्र त्या पुस्तकाला वाचक नव्हता.

गाडी पावणेदोनशे सीसीची, एका सिलिंडरची, दूधवाले दोन्ही अंगांना कॅन लटकवून नेतात तसली. उसाच्या बांधावरून जायची, ओढ्यातून जायची, मुरमाच्या चढाला थोडी खोकायची पण जायची. डोंगरावाळवंटात न्यायला परदेशात खास वेगळ्या गाड्या बनवतात, असं मी एका मासिकात वाचलं होतं. चित्रातल्या माणसाच्या अंगावर चिलखतासारखं जाकीट होतं आणि चेहऱ्यावर काहीतरी जिंकून आल्याचा भाव. आमचा दूधवाला रोज पहाटे तसल्याच रस्त्यानं पायजम्यावर जायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर फक्त जांभई असायची.

या गाडीला चावी कुठलीही चालत असे. कपाटाची चालली होती, चमच्याचा दांडा चालला होता. त्यामुळे गाडी न्यायला माझी गरज पडत नसे. माझी खरी अडचण हीच होती.

मी कुरकुंभच्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचो. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बायको नर्स, आणि तिची नेमणूक भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या एका गावाच्या उपकेंद्रात. उपकेंद्राला लागून दोन खोल्या होत्या, तिथं ती राहायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमचा संसार आठवडी बाजारासारखा गुरुवारी भरत असे. बुधवारी शिफ्ट सुटली की घरी यायचं, गाडी काढायची, चौफुल्याला वळायचं, पारगावचा पूल ओलांडायचा आणि दिवेलागणीला तिच्या दारात. शुक्रवारी परत.

बुधवारी घरी यावं तर गाडी जागेवर नसायची. एकदा ती शेळी आणायला गेली होती. एकदा कुणाच्या तरी भाच्यासाठी मुलगी बघायला. एकदा विहिरीवरची मोटर मांडीवर घेऊन केडगावला दुरुस्तीला. परत यायची तेव्हा टाकीत फक्त वास असायचा.

गाडी देणारी माझी आई होती. मी एकदा जरा आवाज चढवून विचारलं, तर तिनं चुलीवरून नजर न काढता उत्तर दिलं.

"जलम गेला लोकांच्या दारात उभं राहन्यात. आता लोकं आपल्या दारात येत्यात. आन् तू न्हाई म्हन म्हनतोस?"

आमच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली गाडी. वरच्या आळीतलेही मागायला येत, आणि ते आले की आई त्यांना बसवून चहा पाजायची, साखर जरा जास्त घालून. मी बरीच पुस्तकं वाचली होती. यावरचं उत्तर एकाही पुस्तकात नव्हतं.

बायकोकडे पोचायला मग गुरुवारची दुपार व्हायची. एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं चालत. अशाच एका दुपारी तिनं कालची भाजी गरम करून माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसून राहिली.

"मला एखादी सवत चालली असती," ती म्हणाली. "तिच्याशी भांडता तरी आलं असतं. अख्ख्या गावाशी कसं भांडू?"

परतताना एसटीत मी विचार केला. मला नाही म्हणता येत नव्हतं. तर मग स्वतःच नाही म्हणेल अशी गाडी घ्यावी.

तशी गाडी दौंडला मिळाली, रेल्वेच्या वसाहतीत, एका निवृत्त गार्डाकडे. साडेतीनशे सीसीची, वजनाला जवळजवळ दोन पोती गहू. इतर गाड्यांचं जे डाव्या पायाला असतं ते हिचं उजव्या पायाला: गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. सुरू करण्याचा विधी वेगळाच. हँडलखालची बारीक पट्टी दाबायची, मीटरातला काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू फिरवायची, पट्टी सोडायची आणि मग अंगाचा भार टाकायचा. क्रम चुकला तर किक उलटी येऊन पोटरीवर बसे.

गार्डसाहेब रविवारी चर्चला जाऊन आलेल्या कपड्यांतच होते. त्यांनी गाडी दाखवली कमी आणि माझी मुलाखत घेतली जास्त. शेवटी विचारलं, "गाडी लोकांना द्यायची सवय आहे का तुम्हाला?"

मी म्हणालो, ती सवय मोडावी म्हणूनच घेतोय.

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "मला तीन मेव्हणे आहेत," ते म्हणाले. "तिघांनीही हिला एकेकदाच मागितलं."

जुनी गाडी यवतच्या एका दूधवाल्यानं विकत नेली. ती गेली त्या दिवशी आई जेवली नाही. नवी आली तेव्हा तिनं भोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही कुनाला चालवता येती?" मी म्हणालो, मला. "बाकी कुनाला?" कुणाला नाही. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराला दार बसवून घेतलं होतं आणि कडी फक्त आतून होती.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या एकानं हट्टानं प्रयोग केला. चार वेळा पोटरी चोळली, पाचव्यांदा गाडी सुरू झाली, आणि ब्रेक म्हणून त्यानं गिअर दाबला. समोर कडब्याची गंज होती म्हणून निभावलं. बातमी संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर होती. त्यानंतर कुणी गाडी मागितली नाही. पुढचे दोन बुधवार मी दिवेलागणीच्याही आधी पोचलो. बायको म्हणाली, तुम्ही पुलावर असता तेव्हाच आवाज येतो, भात तेव्हाच टाकते. माणसानं स्वतःला हुशार समजण्याचा जो काळ असतो तो माझ्या बाबतीत पंधरा दिवसांचा होता.

तिसऱ्या बुधवारी वस्तीतले एक मामा आले. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, दुसऱ्या दिवशी. मी पाय हलवत निवांत बसून होतो.

"गाडी कोन मागतंय?" मामा म्हणाले. "ती हायेच की तुज्यापाशी. तूच चल गाडी घिऊन. नवरदेव मागं बसंल."

हे मी धरलंच नव्हतं. पूर्वी गाडी जायची आणि मी घरी राहायचो. निदान वाचन तरी व्हायचं. आता गाडीबरोबर मीही फुकट जाऊ लागलो. आणि तिला मागणी जुनीपेक्षा जास्त, कारण जुनी कामाची होती आणि ही शोभेची. माणूस किती मोठा, हे आपल्याकडे त्याच्या पुढं किती आवाज होतो यावर ठरतं, आणि या गाडीच्या धडधडीत एक मध्यम आकाराचा माणूस सहज मोठा होत असे. मी नवरदेव नेला. शाळेच्या क्रीडास्पर्धेचे पाहुणे नेले, त्यांनी उतरल्यावर पळण्याचं महत्त्व सांगितलं. एका सोसायटीच्या नव्या चेअरमनांना तीनशे पावलांवरच्या त्यांच्याच घरी मिरवत नेलं. वार कायम गुरुवार, कारण माझी सुट्टी कधी असते हे पंचक्रोशीला पाठ होतं.

असे तीन गुरुवार गेले. मग बायकोनं आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला. दुकानदारानं तो सहा गिऱ्हाइकांसमोर, तिच्या आवाजातल्या चढउतारांसकट, मला पोचवला: या गुरुवारी आला नाहीत, तर पुढच्या गुरुवारचं विचारू नका.

निरोप ऐकून घरी आलो तर आई ओट्यावर बसून होती आणि तिच्या चेहऱ्यावर दिवाळी. आप्पा येऊन गेले होते. आप्पा म्हणजे आमच्या भागातले बांधकामाचे ठेकेदार, तेव्हा जिल्हा परिषदेला उभे. त्यांची रॅली होती, यवतपासून वरवंडपर्यंत, चाळीस गाड्या. जीपमधला पुढारी लोकांना नीट दिसत नाही म्हणून त्यांना माझ्या मागं बसायचं होतं. ते आमच्या ओट्यावर बसले होते, आमच्या कपातून चहा प्याले होते, आणि आईनं मला न विचारता शब्द दिला होता. वार सांगायची गरज नव्हती.

मी आप्पांना गाठून सांगितलं, मला दहाला मोकळं करा. ते म्हणाले, नवाला निघू, धाला तू मोकळा.

बाराला निघालो. आप्पांच्या डोक्यावर फेटा, गळ्यात झेंडूचे सात हार, दोन्ही हात जोडलेले. त्यातले दोन हार वाऱ्यानं माझ्या मानेवर येत होते. मागं चाळीस गाड्या आणि एक फोटोवाला. प्रत्येक ढाब्यापुढं थांबायचं, फटाके, पुन्हा निघायचं. माझ्या कानात सूचना चालू: दमानं, दमानं, फोटोवाला मागं राह्यला. पूर्ण तासात आम्ही एवढंच अंतर कापलं की एखादी धीराची म्हैस पुढं गेली असती. माझं लक्ष घड्याळात होतं.

चौफुला आला. वरवंड सरळ, पारगाव डावीकडे. दोन वर्षं दर आठवड्याला मी त्या चौकातून पारगावच्या रस्त्याला लागत होतो. ते मी ठरवून केलं की सवयीनं झालं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. गाडी डावीकडे वळली एवढं खरं. आणि वळल्यावर मी तिला मोकळी सोडली, हे मात्र ठरवून.

थोडं अंतर गेल्यावर आप्पा म्हणाले, "आरं, वरवंड सरळ हाय."

"व्हय आप्पा."

"मग ह्यो रस्ता?"

"पारगावचा."

त्यांनी तोंडावरचा हार सारून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग अतिशय काळजीच्या सुरात म्हणाले, "पारगाव आपल्या गटात न्हाई."

मागच्या चार गाड्या आमच्यामागं वळल्या, पण एकेकीवर तिघं तिघं होते. लौकरच त्या दिसेनाशा झाल्या. बाकीची रॅली चालीच्या भरात सरळ गेली. वरवंडात पोचून तिनं रिकाम्या खुर्चीला हार घातला असं नंतर सांगतात. मी पाहिलेलं नाही. आप्पा मला थांब म्हणत होते आणि रस्त्याकडेला कुणी दिसलं की हात आपोआप जोडत होते. ऊस तोडणाऱ्या बायकांना जोडले, एका मेंढपाळाला जोडले. खड्डा आला की तेच हात माझ्या कमरेला मिठी मारत.

पूल दिसला तसे ते खचले. "आरं नदी आली. पल्याड शिरूर लागतं. तिथं मला कुत्रंबी वळखत न्हाई."

उपकेंद्रात तो महिन्यातला लस टोचण्याचा दिवस होता. ओसरीत पंधरा-वीस बाया पोरं घेऊन बसलेल्या. हारांनी भरलेला माणूस गाडीवरून उतरलेला पाहून दोघीतिघी डोक्यावर पदर घेत उभ्या राहिल्या. बायको हातात सुई घेऊन दारात आली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"पेशंट आहेत?"

आप्पांना धाप लागली होती. तिनं त्यांना बाकावर बसवलं, दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा पाहिला आणि सांगितलं की यांना तासभर इथून हलवायचं नाही. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं पोर हारातला झेंडू उपटून तोंडात घालत होतं. आप्पांनी फोन मागितला. उपकेंद्रात फोन नव्हता.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या मालकांनी मला पळवून आनलं."

"तीन गुरुवार तुमच्यासारख्यांनी त्यांना पळवलं होतं," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते."

तीनच्या सुमाराला गावोगाव विचारत जीप आली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण आप्पा जातिवंत पुढारी होते. जीपमध्ये पाय ठेवता ठेवता त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितलं की आपण शेजारच्या तालुक्यातल्या आरोग्यसेवेची पाहणी करायला आलो होतो. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "पुन्यांदा तुज्या गाडीवर बसनार न्हाई." त्या निवडणुकीत त्यांनी दिलेलं आणि पाळलेलं हे एक आश्वासन मला ठाऊक आहे.

गावात दोन मतं झाली. गाडीला ब्रेक नाही असं काहीजण म्हणायचे, आणि मला नाही असं बाकीचे. दोन्हींचा परिणाम एकच झाला. पुन्हा मिरवायला कुणी बोलावलं नाही. आईनं आठवडाभर अबोला धरला आणि आठव्या दिवशी एवढंच विचारलं की आप्पांना सुनेनं च्या तरी पाजला का.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी जीपची धूळ बसल्यावर बायकोनं वही पाहिली. एक पोर लसीला आलं नव्हतं, उसापलीकडच्या वस्तीवरचं. मी ऐटीत म्हणालो, बस मागं, सोडतो. लसीची पेटी घेऊन ती बसली. बांधावर नुकतंच पाणी सोडलेलं होतं. पहिल्याच वळणावर साडेतीनशे सीसी अर्ध्या चाकापर्यंत चिखलात बसल्या आणि तशाच, स्टँड न लावता, उभ्या राहिल्या.

बायको उतरली. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पेटी खांद्याला लावली आणि चालू लागली. मी मागं. वस्ती दीडेक मैल होती. निम्म्या वाटेवर तिनं पेटी माझ्या खांद्यावर दिली आणि पहिल्या चुकलेल्या गुरुवारी काय काय झालं होतं ते सांगायला सुरुवात केली. तीन गुरुवारांचं सांगायचं होतं. वस्ती आली तेव्हा ती पहिल्याच्या सकाळपर्यंत पोचली होती, आणि दिवस मावळायला अजून बराच वेळ होता.