हौसाक्काचा शेवटचा शब्द

इस्लामपूरच्या बाजारात वांगी विकणाऱ्या हौसाक्कापुढे भल्याभल्यांची घासाघीस बंद पडायची. "पटलं तर घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणायची. आता हे वाक्य अख्खा बाजार म्हणतो हो! पण गिऱ्हाईक चार पावलं गेलं की लगेच त्याला मागं बोलावतो. हौसाक्का नाही बोलवायची. एकदा मीही तोऱ्यात निघून गेलो, फेरी मारून परत आलो, तर वांगी दुसऱ्याच्या पिशवीत. घरी बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तिची एकुलती एक मुलगी सुमन माझी विद्यार्थिनी. तिला कुंडलला दिली होती. नवरा दारू प्यायचा नाही, तंबाखू खायचा नाही, फक्त मारायचा. एका दिवाळीत सुमन मोडका हात घेऊन माहेरी आली. पाठीवर पट्ट्याचे वळ मी डोळ्यांनी पाहिले. तरीही, सांगायला लाज वाटते, संसार मोडू नये म्हणून जावयाला फोन करून बैठक मीच बसवली.

हौसाक्काच्या घरीच जावयासमोर आम्ही गावातले पाच जण जमलो. तिनं सरळ सांगितलं: सुमन आता इथंच राहील, जावयानंच इथं राहायला यावं आणि पुन्हा हात उगारू नये. "पटलं तर ऱ्हावा, न्हाईतर तुमची वाट तुमाला."

तो उठला तो दाराआडचा दांडका घेऊनच. पहिला घाव हौसाक्काच्या कपाळावर बसला. दुसरा सुमनवर पडायचा, तो हौसाक्कानं मध्ये येऊन खांद्यावर झेलला; हाड कटकन वाजलं. आम्ही पाच बाप्ये तोवर बसूनच होतो, थू आमच्यावर. मग कुठं त्याला खाली पाडलं.

तिच्या तोंडावरून वाहणारं रक्त पाहून त्याचं अवसान गळालं. तिचे पाय धरून तो रडायला लागला, सगळं कबूल म्हणाला. आम्हाला हायसं वाटलं. हौसाक्कानं पदरानं कपाळ दाबलं.

"मगाशी इचारलं व्हतं. आता न्हाई," म्हणाली आणि सुमनला आत जायला सांगितलं.

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर मी पुन्हा शहाणपणा केला. माणूस पाय धरत होता, जरा नमतं घ्यायला काय हरकत होती, असं विचारलं.

"आवं गुर्जी, माझं डोस्कं फोडलं म्हणून माझं पाय धरलं. सुमी मेली असती, तर कुणाचं धरलं असतं?"