जुन्या जातीचा दाखला

माझ्याबद्दल आमच्या भागात एक गोष्ट सांगितली जाते. मी धर्मासाठी रशिया सोडला, अशी. विहारात काही कार्यक्रम असला की कोणीतरी ती सांगतं, मग मला उभं करतात, पोरं टाळ्या वाजवतात आणि मी हात जोडतो. ही गोष्ट मीच एका वाक्यात तयार केली, चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात, भर दुपारी. ती खरी नाही. हे ज्यांना सांगायला हवं होतं ते आता राहिले नाहीत, म्हणूनच बहुधा सांगायचं धाडस होतंय. त्यातही माझा भित्रेपणा दिसतोच.

माझे वडील बोरीच्या शाळेत गुरुजी होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. छप्पन साली वस्तीनं बौद्ध धर्म घेतला तेव्हा मी मायच्या पोटात होतो. दादांनी घरातले देव नदीत सोडले, आजोबांच्या वाट्याची गावकीची कामं बंद केली आणि पाटलाच्या ओट्यासमोरून जाताना मान खाली घालायचं सोडून दिलं. हे सगळं त्यांनी फारसं न बोलता केलं. बोलणं त्यांना वर्गातच पुरत असे.

शाळेच्या रजिस्टरात धर्म आणि जातीचा रकाना असतो. इतर गावांतले आमच्या समाजाचे गुरुजी लोक व्यवहारी होते. घरात बुद्धवंदना, रजिस्टरात मात्र जुनी जात, म्हणजे पुढं पोराला सवलत लागली तर अडचण नको. दादांना ते पटत नसे. आमच्या वस्तीतलं एकेक पोर त्यांनी स्वतःच्या हातानं ‘बौद्ध’ म्हणून लिहिलं, माझ्यासकट. आपलं राज्य सरकार नवबौद्धांना सवलत देत होतं, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. दिल्लीचं सरकार देत नव्हतं. त्या सरकारच्या मते धर्म बदलला की जात गेली, आणि जात गेली की सवलतही गेली. पण बोरीहून दिल्लीला कोणाला कशाला जायचं होतं?

मला डॉक्टर व्हायचं होतं. खरं म्हणजे सगळ्यांनाच मी डॉक्टर व्हायला हवा होतो. माझ्या पाठची बहीण दोन वर्षांची असताना हगवणीनं गेली, जिंतूरची एस.टी. येईपर्यंत मायच्या मांडीवरच. वस्तीत कोणी आजारी पडलं की त्या दिवसाचा विषय निघायचा आणि बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, हा डॉक्टर झाला की बरं होईल. हे म्हणणं सुरू झालं तेव्हा मी सातवीत होतो. नाही म्हणायची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती.

परभणीच्या कॉलेजात दोन वर्षं काढली आणि मेडिकलची यादी लागली. चार मार्कांनी माझं नाव हुकलं. आमचे प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, एक वर्ष थांब, पुन्हा परीक्षेला बस, फिजिक्स सुधारलं की पुढच्या वर्षी नंबर लागेल. त्याच सरांनी सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडून आणखी एक अर्ज भरून घेतला होता. रशियात डॉक्टरकी शिकायला सरकार काही पोरं पाठवत होतं, त्यात थोड्या जागा राखीव होत्या. मी तो अर्ज विसरूनही गेलो होतो. यादी हुकल्यावर पंधरा दिवसांनी दिल्लीचं पाकीट बोरीच्या शाळेत येऊन पडलं. निवड झाली होती. जातीचा दाखला ताबडतोब पाठवा, पुढच्या महिन्यात निघायचं आहे.

रशियाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तिकडच्या मासिकांचे कागद गुळगुळीत असतात आणि वह्यांना कव्हर घालायला त्यांच्यासारखे कागद नाहीत. माझ्या फिजिक्सच्या वहीवर बर्फात उभ्या असलेल्या चार पोरी होत्या, कानापर्यंत टोप्या घातलेल्या, हसणाऱ्या. दोन वर्षं त्यांच्याकडे बघून मला काही वाटलं नव्हतं. आता मी ती वही पालथी ठेवायला लागलो. सरांनी सांगितलं, पहिलं वर्ष नुसती भाषा शिकायची, मग पाच-सहा वर्षं डॉक्टरकी, मध्ये घरी येणं बहुतेक व्हायचं नाही. मी परभणीच्या होस्टेलात पहिल्या महिन्यात दोनदा पळून घरी आलो होतो. मायला सांगितलं होतं की कॉलेजला सुट्टी आहे.

घरात मात्र नुसती धांदल उडाली होती. माय गोधडी शिवायला बसली. जुनी लुगडी कमी पडली म्हणून शेजारणींनी आणून दिली.

“दुहेरी शिवायले,” ती म्हणाली. “तितं लय थंडी असती म्हणं.”

“माय, तिथं गोधडी नेत नसतात.”

“न्यायला काय झालं? डॉक्टरला थंडी वाजत न्हाई का?”

दादा जिंतूरच्या कचेरीत दाखल्याला गेले. तिथला कारकून आमच्याच समाजातला, दादांच्या ओळखीचा. त्यानं रजिस्टरातला उतारा पाहिला आणि कपाळाला हात लावला. हे दादांनीच घरी येऊन आम्हाला सांगितलं.

“म्हणला, गुरुजी, ह्या कागदावर दिल्ली तुमाला इचारनार न्हाई. हिंदू अन् जुनी जात, असं लागतंय. पोलीस पाटलाचं लिहून आना, मी दाखला काढून देतो. आमी समद्यांनी तसंच ठिवलंय की, तुमीच एकटे अवघड मानूस.”

एवढं सांगून दादांनी उताऱ्याची घडी करून खिशात ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते नाही म्हणतील, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, तसं व्हावं म्हणून मी मनात हात जोडून बसलो होतो. ते नाही म्हणाले असते तर माझं काम परस्पर झालं असतं. मला भीती वाटते हे कोणाला कळलं नसतं, पुढच्या वर्षी मी इथंच पुन्हा अर्ज केला असता आणि माय रोज दिसली असती.

सकाळी ते म्हणाले, “चल, पाटलाकडं जाऊ.”

पाटलाच्या ओट्यावर चार-पाच माणसं चहा पीत बसली होती. आम्ही खाली अंगणात उभे राहिलो. दादांनी काम सांगितलं. पाटील वयानं दादांपेक्षा लहान, शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

“लिहितो की गुरुजी,” तो म्हणाला. “पन काय लिहू? आमी आता ते न्हाई, असं तुमीच सांगितलंवतं गावाला.”

“लेकराच्या शिक्षनाचा सवाल हाय.”

“ते खरं हाय. पन उद्या कुनी म्हणायला नको की पाटलानं मनानंच लिहिलं. तुमी तोंडानं सांगा, मी लिहितो.”

ओट्यावरच्या माणसांनी कप खाली ठेवले. दादांची छत्री त्यांच्या बगलेत होती, ती त्यांनी काढून हातात घेतली, पुन्हा बगलेत धरली. मग ते म्हणाले, “महार.”

“हिंदू?”

“हिंदू.”

पाटलानं लिहिलं आणि खाली उतरून कागद दादांच्या हातात दिला. वरून टाकला नाही, तेवढं म्हणायला हवं.

परत येताना दादा माझ्या पुढं चालत होते. वस्ती जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, “ती फिजिक्सची पुस्तकं तिकडं न्यावी लागतील का, का त्यांची येगळी असतात?” मी म्हणालो, वेगळी असतात.

त्या वाटेवर माझ्या मनात काय होतं ते लिहायला जिवावर येतं. माझ्या जागी कोणीही मुलगा असता तर बापाचा अपमान पाहून पेटला असता, निदान रडला असता. मी विचार करत होतो की आता काहीच अडचण उरली नाही, आता मला जावंच लागणार. अठरा वर्षं जो शब्द त्यांनी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता, तो त्यांनी माझ्यासाठी चार माणसांत उच्चारला होता, आणि मला फक्त विमानाची भीती वाटत होती.

दोन दिवसांनी जिंतूरहून दाखला आला. सकाळची शाळा सुटल्यावर दादांनी पाकीट तयार केलं, सगळे कागद ओळीनं लावले आणि दाखला शेवटी ठेवायला घेतला. माय दारात गोधडीला टाके घालत बसली होती. मला सही करायची होती. दादांनी पेन हातात दिलं आणि त्याचं टोपण काढता काढता मी बोलून गेलो.

“असलं लिहून मला डॉक्टर व्हायचं नाही, दादा. मी बौद्ध आहे. पुढच्या वर्षी इथंच अर्ज करीन, बौद्ध म्हणूनच.”

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं, हा एकच बचाव माझ्याकडे आहे. तोंडातून निघाल्यावर मात्र लगेच कळलं की हे चालणार. दादांनी माझ्याकडे पाहिलं. काही क्षण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसते बघत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दाखल्याचे उभे-आडवे तुकडे केले.

“मी चुकायलो होतो,” ते म्हणाले. “बाप असून चुकायलो होतो. तू बरं केलंस.”

मायनं सुई कापडात खोचली. “पुढल्या वर्षी हुईल ना पन?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “होईल की.”

झालं नाही. ते वर्ष मी अभ्यासात घातलं, पण मनात एक घमेंड शिरली होती. मी एवढा मोठा त्याग केला आहे, तर आता परीक्षेनं माझं ऐकायला हवं, अशी काहीतरी. वस्तीतले लोक मान द्यायला लागले होते. दादांच्या ओळखीचे लोक सेलूहून, परभणीहून येऊन मला बघून जात. ते सगळं खरं वाटायला लागलं होतं मला. फिजिक्समध्ये आधीपेक्षाही कमी मार्क पडले आणि यादी अकरा मार्कांनी हुकली. तिसऱ्यांदा बसायचा धीर नव्हता. बी.एस्सी. केलं, लॅबचा कोर्स केला आणि परभणीच्या एका दवाखान्यात लागलो. तीस वर्षं दुसऱ्यांच्या रक्ताचे थेंब काचेवर पसरले, दिसलं ते कागदावर लिहिलं आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. काम वाईट नव्हतं. पण डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकलताना प्रत्येक वेळी आत काहीतरी दुखायचं, आणि त्या दुखण्याला मीच जबाबदार आहे हे मी जाणून होतो.

माझ्या जागी कोणाला तरी पाठवलं होतं. प्राणिशास्त्राच्या सरांनी एकदा रस्त्यात सांगितलं, तो पोरगा चांगला निघाला, परत येऊन गावाकडेच दवाखाना टाकलाय. त्यानं जातीचा रकाना कसा भरला होता, ते मी विचारलं नाही. आमच्या वस्तीतून पहिला डॉक्टर व्हायला पुढं कितीतरी वर्षं गेली. तोवर लोक जिंतूरच्या एस.टी.ची वाट बघत राहिले. मायही तशीच गेली, एस.टी. यायच्या आत. गोधडी तिनं पूर्ण केली होती. ती मी परभणीत अंगावर घेत असे.

दादा मात्र सुखी होते. माझ्या नोकरीबद्दल त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. कुठंही गेले की ते माझी गोष्ट सांगत. पाटलाच्या अंगणातला भाग ते गाळत नसत. आपण कसे घसरलो आणि पोरानं कसं सावरलं, हे ते भर सभेत सांगत. मी शेजारी मूग गिळून बसायचो. दर वेळी ठरवायचो की घरी गेल्यावर सांगून टाकू. घरी गेल्यावर ते इतके खुशीत असत की जमत नसे. हळूहळू सांगायची वेळच निघून गेली, असं मी स्वतःला समजावलं.

शेवटच्या आजारात ते माझ्याच दवाखान्यात होते. त्यांचं रक्त मीच काढलं, मीच तपासलं, आणि त्यात काय दिसलं ते त्यांना सांगितलं नाही. एका सकाळी राउंडवर आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंना त्यांनी सगळी गोष्ट ऐकवली. बाई माझ्याकडे आदरानं बघत पुढच्या कॉटकडे गेल्या. दादांनी मला खुणेनं जवळ बसवलं.

“एक सांगायचं हाय. लय वर्षं झाली, जीभ वळत न्हाई.”

“सांगा की दादा.”

“त्या दिशी तू नको म्हणलास ना, तवा पैल्यांदा माज्या मनात काय आलं ठाऊक हाय का? पोरगं भ्यालं, असं आलं. लांब जायला भ्यालं अन् धर्माच्या आड लपायलं. घडीभरच आलं, पन आलं. मंग माजी मलाच लाज वाटली. एवढं सोन्यासारखं लेकरू, अन् बाप त्याच्याबद्दल असा इचार करतो.” त्यांनी माझं मनगट धरलं. “समद्या गावाला सांगितलं मी, तेवढं एक न्हाई सांगितलं. मला माफ कर, बाबा.”

वॉर्डात दुसरं कोणी ऐकण्याजोगं नव्हतं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता, आणि ते वाट बघत होते.

“जाऊ द्या दादा,” मी म्हणालो. “मी माफ केलं तुम्हाला.”