हातावरचं दही

हैदराबाद राज्य फुटायचं ठरलं, त्या वर्षी नारायणगुड्याच्या आमच्या मराठी शाळेत मुलींचे दोन गट पडले. जाणाऱ्या आणि राहणाऱ्या. जिच्या वडिलांची नोकरी औरंगाबादला नाहीतर मुंबईला चालली, ती जाणारी. मधल्या सुट्टीत एका बड्या अंमलदाराची मुलगी व्हरांड्यात खडूनं रेघ ओढायची. रेघेच्या आत जाणाऱ्यांचे डबे. बाहेरच्यांना ती इथल्या वांग्यांच्या भाजीवरून चिडवायची, "राहा इथंच, बगारा बैंगन खात!"

माझी मैत्रीण राहणारी. काचीगुड्यात त्यांची तिसरी पिढी, वडील वकील. मी नांदेडकडच्या खेड्यातून अंबरपेठेला मामाकडं शिकायला आले, तेव्हा माझ्या बोलण्याला सगळा वर्ग हसला होता. हिनं तेवढं बाकावर सरकून जागा दिली. जोडाक्षरं हिनंच गिरवून घेतली. आज चार ओळी लिहिते त्या तिच्यामुळं.

"तू नांदेडची ना गं? मग तू जाणारीच की," रेघवाली एकदा म्हणाली.

मामा साधा चपराशी. त्याची बदली होणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी मी "हो" म्हटलं.

"मग म्हण तिला बगारा बैंगन."

म्हटलं. सगळ्या हसल्या. ती हसली नाही, डबा घेऊन वर्गात गेली. मी रेघेच्या आत बसून दुसऱ्यांचं लोणचं खाल्लं.

चार दिवसांनी ती शाळेत लहान वाटी घेऊन आली, वर फडकं बांधलेलं. म्हणाली, "आई म्हणाली, जाणाऱ्याच्या हातावर दही द्यावं. तू कधी जाशील न सांगता, काय नेम?" मी हात पुढं केला. साखर घातलेलं होतं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी तळहात चाटला.

मग एकेक जाणारी गेली. रेघवालीही गेली. मीच उरले. आता शाळेत गेले तर मैत्रीण विचारणार, अजून कशी इथं? या धसक्यानं पोट दुखतं म्हणून घरी राहू लागले. मामीला कामाला हात हवाच होता. माझी सातवी तिथंच सुटली.

वर्षभरानं अंबरपेठेच्या बाजारात ती समोर आली. आईबरोबर होती. माझा हातच धरला.

"अगं! कधी आलीस?"

"कालच."

"परत कधी?"

"उद्या."

तेवढ्यात मागून पानवाल्या चाचांची हाक आली, "क्या बेटी, मामी के पान नक्को आज? रोज तो सुबेच आतीं तुम!"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. माझ्या हातातल्या पिशवीकडं. तिची आई काही विचारणार, तोच ती म्हणाली, "चल आई, तिला उद्या निघायचंय."

माझा हात सोडताना एवढंच म्हणाली, "नीट जा हं."

त्यानंतर मी पान आणायला लांबच्या रस्त्यानं, दुसऱ्या दुकानात जाऊ लागले.