आईनं ठरवलेली खूण

माझं सासर वडनेर भोलजीला आणि माहेर संग्रामपूरजवळच्या खेड्यात. मी एकुलती एक, त्यामुळे न्यायला भाऊ येण्याचा प्रश्नच नव्हता. बाबा शेतात अडकलेले. आमच्याकडचा जो कुणी बैलगाडी घेऊन वडनेरकडे येईल, त्यानं परतताना मला घेऊन यायचं असं ठरलं. पण त्याच सुमारास ‘तुही माय बिमार हाय’ असं सांगून एका सुनेला कुणीतरी गाडीत बसवून नेलं आणि वाटेत तिच्या अंगावरचे दागिने ओरबाडले. म्हणून आईनं खूण काढली. न्यायला आलेला माणूस ती बोलला तरच मी निघायचं.

खूण ठरवणं हे आईचं मोठं काम होतं. आकडे तिला चालत नसत. एकोणसाठ सांगून पाठवलं की माणूस वाटेत एकोणसत्तर करतो, असं तिचं मत. दोन शब्द हवेत, पण एकमेकांशी नातं नसलेले, नाहीतर कुणी अंदाजानं सांगेल. बोर आणि दोर नको, घोटाळा होतो. जोडाक्षर आलं की बाद. मग ती तोंडात भाकरीचा घास धरून ते शब्द म्हणून बघायची. शेजारच्या बोळक्या म्हातारीकडून वदवून घ्यायची. मला नाल्यापलीकडे उभं करून ओरडायची. माझी हसून पुरेवाट व्हायची. ‘मोर, परात’ ही खूण अशीच पास झाली. एकदा वापरलेली पुन्हा चालत नसे. मी सासरी निघाले की पुढची माझ्या कानात सांगायची, आणि गाडीवानाला तो मला न्यायला निघताना.

बाबांना मात्र नाही. “तुह्या बापाच्या तोंडात तीळ भिजत नाही,” म्हणायची. सासूबाईंकडून तर तिनं वचनच घेतलं होतं: “विहीणबाई, कोनी काई सांगो, खुणेबिगर पोरीले धाडू नका.”

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी अनोळखी गाडीवान दारात आला. “तुमच्या मायची वाचा गेली. बाबानं न्यायले धाडलं.”

“खूण सांग,” सासूबाई म्हणाल्या.

“खूण कोणती वो? मले तं काई सांगतलं नाई.”

वाचा गेलेली बाई खूण कशी सांगणार, म्हणून मी रडले, भांडले. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “तुह्या मायलेच शब्द देला हाय मी. त्या पोरीलेई असंच सांगून नेलं होतं.” नवरा मलकापूरला गेलेला. तो परतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

पोचलो तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता. बाबा ओट्यावर बसलेले. गाडीवान निघताना आईनं त्याची बाही घट्ट धरली होती, असं त्यांनी सांगितलं. ओठ हलत होते. “आमाले वाटलं, पानी मांगते. पानी पाजलं.”

मला आईचा भयंकर राग आला. आजही येतो. बाबांना एक शब्द सांगून ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

बाबांनी विचारलं, “काय होती वो बाई खूण?”

“गूळ, चिमणी.”

“गूळ, चिमणी,” ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले. कुठंही अडखळले नाहीत.