आधी किट, मग सल्ला

आमच्या एटीव्हीसाठी मी बिग बोअर किट मागवला, तो इंजिन न उघडता, न मोजता आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना न विचारता. विचारायला हवं होतं ते आमच्या साडूभाऊंना. आणि कोरपन्यापासून मोहर्लीपर्यंत शोधलं तरी मोजल्याशिवाय कशावरच विश्वास न ठेवणारा असा दुसरा माणूस सापडायचा नाही.

सिमेंटच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढून साडूभाऊ निवृत्त झाले. मशिनी तिथेच राहिल्या, पण व्हर्नियर कॅलिपर त्यांच्या शर्टाच्या खिशात बसून घरी आला. लोक जिथे पेन ठेवतात तिथे ते हे मापयंत्र ठेवतात आणि लोक पेन काढतात त्याहून जास्त वेळा ते बाहेर काढतात. पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाची अंगठी तपासून ‘एक सूत ढिली हाये, पडंल’ असं सांगून टाकलं. ती वरातीत पडली. बँडवाल्यांसकट सगळं वऱ्हाड रस्त्यावर वाकून शोधत होतं, तेव्हा हे एकटेच ताठ उभे होते. आमच्या घरी एकदा त्यांनी पोळीचं माप घेऊन ‘कडंले जाड, मंधात पातळ’ असा शेरा मारला. बायकोने लाटणं पुढे केलं, ‘मंग लाटा तुम्हीच, भाऊजी.’ त्यांनी लाटल्या. अकरा पोळ्या, एकीवर एक ठेवल्या तर एकीचीही कड बाहेर दिसू नये अशा. जेवायला मात्र तीन वाजले. इंजिनाचा आवाज ते लांब स्क्रूड्रायव्हरने ऐकतात: टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आमच्याकडे उतरलेल्या नागपूरच्या एका बाईंनी हे दृश्य पाहून आपसूक हात जोडले होते.

आता एटीव्हीबद्दल. मोहर्लीच्या अलीकडे माझं शेत आहे, शेतात पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत आणि जंगल सफारीत वाघ न दिसलेल्या पाहुण्यांच्या समाधानासाठी ही जुनी एटीव्ही आहे. हँडल मोटरसायकलचं, चाकं चार आणि चारही लठ्ठ. मागच्या टेकाडावर पाहुणे नेले की ती अर्ध्या चढावर थांबायची आणि पाहुण्यांना उतरून ढकलावं लागायचं. एकाने अभिप्रायाच्या वहीत ‘व्यायामाची सोय उत्तम’ असं लिहिलं, त्या दिवशी मी ठरवलं की आता इंजिनाचा दम वाढवायचा. त्यासाठी जुन्या सिलिंडर-पिस्टनच्या जागी मोठं सिलिंडर आणि मोठं पिस्टन बसवतात. तोच हा किट. मोबाइलवर तीन आकार दिसले. आमच्या घरात शाळेचा गणवेश नेहमी एक माप मोठा घ्यायची पद्धत आहे, पोरं वाढतात म्हणून. मी त्याच हिशोबाने सगळ्यात थोरला किट मागवला. इंजिन वाढत नाही हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही.

खोका आला आणि मग मला साडूभाऊंचा मान आठवला. आमच्याकडे मुलीचं लग्न पक्कं होतं, तारीख निघते, मांडववाला सांगून होतो आणि मग घरातल्या मोठ्या माणसाला बोलावून ‘कसं करावं म्हणता?’ असं विचारतात. मोठा माणूसही गंभीर होऊन ‘करा’ म्हणतो. तेच इथे करावं म्हणून मी खोका पलंगाखाली सारला आणि कोरपन्याला फोन लावला. ‘साडूभाऊ, किट कोणता घ्यावा, तुमी सांगान तसं.’

ते दुसऱ्याच दिवशी एसटीने आले. पण मोठा माणूस लगेच ‘करा’ म्हणतो, हा माझा अंदाज साफ चुकला. पहिला दिवस त्यांनी मलाच प्रश्न विचारण्यात घालवला: चढावर थांबते का चढाआधी दम टाकते, माणसं किती, ऊन केवढं. दुसऱ्या दिवशी इंजिन उघडून त्याचा एकेक भाग पोत्यावर मांडला. रोज पहाटे उठून दाढी करत, शीळ घालत. कोरपन्याहून ताईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला, ‘काय खाऊ घालून राह्यले त्यांले? आज हासून बोलले माह्याशी.’ मी खोका आणखी आत ढकलला.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठीवर माप लिहून त्यांनी निकाल दिला. ‘मधला घ्या. थोरल्याले इंजिनाच्या खालच्या केसिंगचं तोंड कापून मोठं करा लागते. अन् तुमची गाडी हळू चालते, वारा लागत नाई. आपल्या इथच्या मे महिन्यात थोरलं पिस्टन तापून जाम होईन.’ मी मोठ्या आदराने मान हलवत होतो, एवढ्यात आतून बायको म्हणाली, ‘भाऊजी, ते पलंगाखालचं खोकं न्या ना आधी! चार दिवसापासून झाडू अडून राह्यला त्याले.’

साडूभाऊंनी खोका उघडला. नवं पिस्टन खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलं, तीन ठिकाणी मोजलं. ‘माल चांगला हाये,’ म्हणाले. मग पिस्टन होतं तसं कागदात गुंडाळून ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, ‘मंग मी तीन दिवस काय करून राह्यलो इथी?’ दुपारच्या एसटीने ते निघून गेले.

दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मी कोरपना गाठलं. ते ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली. ताईने पाणी दिलं, पण ‘बसा’ म्हटलं नाही. थोरला किट परत पाठवला, मधला मागवला, एवढं मी उभ्यानेच सांगून टाकलं.

‘माप कोणाचं देलं?’

‘तुमचं. तुमी चिठ्ठीवर लिहिलं होतं ते.’

साडूभाऊ आत जाऊन पिशवी घेऊन आले आणि चपला घालता घालता म्हणाले, ‘चला. पण तुमच्यासाठी नाई येऊन राह्यलो मी. तिथी इंजिन उघडं पडून हाये. त्यानं तं मले काही खोटं सांगतलं नाई ना!’